झिंग्यांसाठी आणलेले दगड

आमच्या घरात देव नव्हते, ॲसिडची बाटली होती. माधवनगरच्या गिरणीच्या चाळीत प्रत्येक खोलीला चुलीच्या वर एक कोनाडा असायचा. शेजारपाजारच्या खोल्यांत त्या कोनाड्यात देव असत. आमच्या कोनाड्यात गिरणीच्या ब्लीचिंग खात्यातून वडिलांनी आणलेली, काचेच्या बुचाची हिरवट बाटली असायची, आणि तिच्यावर त्यांनी स्वतः लाल पेन्सिलीनं कवटी काढली होती. समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, पण तिला हार नाही, उदबत्ती नाही. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. ते तसबिरीपुढं ताठ उभे राहून वंदना म्हणत, पलटणीत उभे राहत असतील तसे, आणि भोंगा झाला की डबा उचलून कामावर जात. "तपासल्याबिगर काय मानायचं न्हाई," हे त्यांचं वाक्य मी चालायला लागल्यापासून ऐकत आले. दूधवाल्याच्या दुधापासून वैद्याच्या पुडीपर्यंत सगळं ते वास घेऊन, बोट लावून, उजेडात धरून बघत. आईला काय वाटतं एवढं मात्र त्यांनी कधी तपासून पाहिलं नाही. आता मी त्यांच्यापेक्षा म्हातारी झाले आहे, त्यामुळे हे लिहायला भीत नाही.

आई आणि आबा यांचं भांडण होतं, आणि ते माझ्या जन्माच्या आधीपासूनचं होतं. त्याला आवाज नव्हता. आमच्या घरात आदळआपट नव्हती, शिवीगाळ नव्हती, पण आई भाकरी थापायला बसली की तिच्या थापेवरून कळायचं की आबा घरात आहेत की नाहीत. माझं नाव आबांनी यशोधरा ठेवलं. आईनं एकदाही ते तोंडातून काढलं नाही, ती मला येसू म्हणायची. आबा म्हणत, "नाव हाय तिला चांगलं." आई म्हणे, "व्हय," आणि पुढच्याच क्षणाला हाक मारी, "येसू, पाणी आण गं." मी दोन्ही नावांना ओ द्यायला शिकले. भांडण कशाचं होतं ते मला कुणी बसवून सांगितलं नाही. तुकड्यातुकड्यांनी कळलं ते असं. धर्मांतराच्या साली आबा पलटणीतून रजेवर गावी आले, सगळ्या वस्तीबरोबर दीक्षा घेतली, आणि घरातले देव टोपलीत भरून आईच्या डोक्यावर दिले. गाव खटाव तालुक्यात, येरळेच्या काठी. आई तेव्हा नवी सून होती आणि तिच्या कडेवर माझा थोरला भाऊ होता. सासूबाईंच्या मागं देवांचं सगळं तीच करायची. तिनं आपल्या हातानं ते देव येरळेच्या डोहात टाकले. सहा महिन्यांनी थोरला तापानं गेला. आबा सांगत, तापानं गेला. आई काहीच सांगत नसे.

मी नववीत असताना मोठा दुष्काळ पडला. रेशनवर परदेशातून आलेली लाल ज्वारी, मिलो, मिळायची, तिची भाकरी तव्यावरच चिरायची आणि घशाखाली उतरताना खरवडत जायची. आई ती पाण्यात बुडवून खायची. आबा म्हणायचे की धान्य ते धान्य, रंगात काय आहे. त्याच वर्षी सांगलीतल्या आमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शनाचं वारं आलं. आम्हाला विज्ञान शिकवायला नाडगीर सर होते, पांढरा सदरा, खिशात तीन पेनं आणि बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून बघायची सवय. त्यांनी लोखंडी पट्ट्यांची, पुटीनं सांधलेली एक काचेची टाकी प्रयोगशाळेत आणून ठेवली आणि सांगितलं की आपण हिच्यात मासे नाही, कृष्णेतली झिंगी पाळायची. झिंगी म्हणजे नदीच्या काठाला असतात ती बोटाएवढी, अंगातून पलीकडचं दिसेल अशी. ती कात टाकतात, आणि कात टाकल्यावर अंग कडक होईपर्यंत त्यांना लपायला दगडांच्या सांदी लागतात. पण दगड भलता निघाला, त्यात चुनखडी असली, की ती पाण्यात उतरते, पाणी जड होतं आणि झिंगी मरतात. म्हणून नदीनाल्यातून उचललेला दगड आधी तपासायचा. त्याच्यावर ॲसिडचा थेंब सोडायचा. फेस आला तर दगड फेकून द्यायचा.

हे सगळं सरांनी फळ्यावर लिहून दिलं आणि कामं वाटली. तक्ते कोण काढणार, शेवाळ कोण आणणार. टाकीपुढं उभं राहून पाहुण्यांना माहिती सांगायचं काम वैजयंतीकडं गेलं, ती डॉक्टरांची मुलगी होती आणि तिचा आवाज रेडिओतल्या बाईसारखा होता. मग सर म्हणाले, "दगड कोण आणेल?" आणि त्यांची नजर पहिल्यांदाच कुणाच्या डोक्यावरून न जाता सरळ माझ्या तोंडावर आली. "तू आण. तुमच्याकडं या कामाची सवय असते." वर्गात कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं मला कितीदा तरी वाटलंय. सगळ्यांना ते वाक्य अगदी साधं वाटलं होतं. माझं डोकं लहानपणापासून तापट. मी उभी राहिले आणि म्हणाले, "दगड मी आणते सर. तपासतेही मीच. मग टाकीपुढं बोलणार वैजयंती का?" सरांना गंमत वाटली असावी. म्हणाले, "असं कर. तुझ्या दगडांत घरी बरणीत आठ दिवस झिंगी जगवून दाखव. जगली तर तू बोल." वैजयंतीनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. तिच्याशी माझं पूर्वी वैर नव्हतं, त्या तासापासून झालं.

दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेले ते दगडांसाठीच. चुलते आणि वस्तीतले सगळे दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होते. मी पोतं घेऊन निघाले तेव्हा चुलते पटका बांधत दारात उभे होते. म्हणाले, "आमी दगडं फोडून मरतुय आन् तू दगडं निवडाय आलीस व्हय गं? कशापायी?" मी म्हणाले, झिंग्यांसाठी. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं आता कानाखाली बसणार. मग एवढंच म्हणाले, "झिंग्यास्नी घर पायजे. बरं हाय," आणि हातोडा खांद्यावर टाकून चालू लागले. येरळा कोरडी ठाक होती. जिथं एरवी बैल बुडतील एवढं पाणी असायचं, त्या डोहाच्या तळाला भेगा पडल्या होत्या आणि मधोमध हिरव्या चिखलाचं एक डबकं उरलं होतं. मी उन्हात दगड उलटेपालटे करत हिंडले. काळे, गुळगुळीत, पोकळ्या असलेले दगड घ्यायचे, पांढऱ्या शिरा असलेले नको, असं सरांनी सांगितलं होतं. डबक्याच्या काठाशी अर्धा रुतलेला एक दगड मला फारच आवडला. नारळाएवढा, काळा, डोक्याकडं निमुळता आणि बुडाशी बसका. पुढच्या अंगाला शेजारीशेजारी दोन खळगे, आणि वरच्या टोकाचा एक टवका उडालेला. खळग्यांत तांबूस काहीतरी धरलेलं होतं. मी समजले लोखंडाचा गंज. झिंगी ह्या खळग्यांत छान बसतील, एवढंच माझ्या मनात आलं.

गावातल्या दुसऱ्या कुठल्याही घरातली पोर त्या दगडाला बघताक्षणी चार पावलं मागं सरली असती. मला कळलं नाही. रस्त्याकडेचे शेंदूर फासलेले देव मी रोज बघत होते, पण देव म्हणजे तो शेंदूर, असंच माझ्या डोक्यात होतं. शेंदूर उतरल्यावर खाली काय असतं ते मला कुणी दाखवलं नव्हतं. मी तो दगड वाळूनं घासला, पोत्यात घातला आणि एसटीच्या टपावर चढवून माधवनगरला आणला.

दगड तपासायला आबा माझ्याबरोबर पायरीवर बसले. ती त्यांची सुट्टीची सकाळ होती. त्यांच्याबरोबरचा तेवढा चांगला तास मला दुसरा आठवत नाही. कोनाड्यातली बाटली त्यांनी दोन्ही हातांनी खाली घेतली, मला चार हात लांब बसवलं, आणि काचेच्या कांडीनं एकेका दगडावर थेंब सोडू लागले. पहिला गप्प. दुसरा गप्प. तिसऱ्याच्या पांढऱ्या ठिपक्यावर थेंब पडला तसा तो भाजीला फोडणी द्यावी तसा चर्र झाला आणि फेस आला. "ह्यो चोर," आबा म्हणाले आणि दगड गटाराकडं भिरकावला. असे पाच चोर निघाले. दोन खळग्यांचा दगड आला तेव्हा त्यांनी तो फिरवून फिरवून बघितला, वर थेंब सोडला, बुडाला सोडला, कान जवळ नेऊन ऐकलं. काही नाही. "लय बेस दगड हाय. पास," म्हणून त्यांनी तो माझ्या मांडीवर ठेवला. आपल्याच बापजाद्यांचा देव त्यांनी स्वतःच्या हातानं पास केला आणि त्यांना पत्ता नव्हता. पलटणीत जाण्याआधी घरातली पूजा बायकांची, ते कधी तिकडं फिरकलेच नव्हते. ज्याला फेकून द्यायला लावलं तो दिसतो कसा, हे त्यांनी नीट बघितलंच नव्हतं.

आईनं मात्र बघितलं. ती पाणी भरून आली, कळशी कमरेवर, आणि माझ्या मांडीवरच्या दगडाशी तिची नजर थांबली. कळशीतलं पाणी तिच्या पायांवर सांडत राहिलं. आबा बाटली ठेवायला आत गेले तेव्हा ती जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "कुठनं आणलास ह्यो?" मी म्हणाले, डोहातनं. तिनं एक बोट पुढं करून उडालेल्या टवक्यावरून फिरवलं. म्हणाली, "बाकीची ने शाळंत. ह्यो हितंच ऱ्हाऊ दे." मी म्हणाले, "सगळ्यात चांगला हाच हाय, हाच नेणार." मला वाटलं तिला लोणच्याच्या बरणीवर ठेवायला हवा असेल.

गोळ्याबिस्किटांच्या दुकानातली एक मोठी काचेची बरणी आबांनी मिळवली. आम्ही दोघांनी कृष्णेच्या काठाला गुडघाभर पाण्यात उभं राहून आईच्या जुन्या लुगड्यानं झिंगी धरली, सात मिळाली. बरणीत नदीचंच पाणी, तळाला चार लहान दगड आणि मधोमध तो दोन खळग्यांचा. संध्याकाळपर्यंत दोन झिंगी दोन खळग्यांत जाऊन बसली आणि मिशा हलवू लागली. मी जेवणसुद्धा बरणीपुढं केलं. तिसऱ्या दिवशी शाळेतून आले तर चार झिंगी तळाला गुलाबी होऊन पडली होती, शिजवल्यासारखी. चौथ्या दिवशी एकही राहिलं नाही. पाण्यावर तेलाचा अगदी पातळ तवंग दिसत होता, पण माझ्याच हाताला खोबरेल असेल असं समजून मी स्वतःला शिव्या घातल्या. शाळेत सांगितलं तेव्हा सर फळा पुसतापुसता म्हणाले, "दगडसुद्धा कुठून आणलेत त्यावर असतं." वैजयंती माहितीचा कागद पाठ करायला लागली होती, तो तिनं माझ्यासमोर मोठ्यानं म्हणून दाखवला. सरांकडून मी आणखी एक संधी मागून घेतली. मागून घेतली म्हणजे अक्षरशः हात जोडले.

घरी येऊन मी सगळे दगड बाहेर काढले, उकळत्या पाण्यात टाकले, पुन्हा आबांकडून ॲसिड लावून घेतलं. सगळे गप्प. पुन्हा झिंगी आणली, ह्या वेळी पाचच. दुसऱ्या दिवशी दोन गेली, तिसऱ्या दिवशी सकाळी उरलेली तीन. मी अंगणात बसून मोठ्यानं रडले. आई चुलीपुढं मिलोचं पीठ मळत होती. ती उठून आली नाही, तिनं फक्त मळायचं थांबवलं. मी तिला म्हणाले, "दगड चांगलाय, पाणी चांगलंय, मग मरत्यात कशानं?" ती म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं." हे वाक्य मी तिला आजतागायत माफ केलेलं नाही.

त्याच दिवशी कुणी पुढारी वारले म्हणून शाळा दुसऱ्या तासाला सुटली. मी भर दुपारी घरी पोचले. दार नुसतं लोटलेलं होतं. आई जमिनीवर मांडी घालून बसली होती आणि तो दगड तिच्या मांडीवर होता, ओला, आणि नखशिखान्त शेंदरी. शेजारी तेलाची वाटी आणि वर्तमानपत्राची पुडी. दोन खळग्यांत तिनं ज्वारीचे दोन दाणे बसवले होते, डोळ्यांच्या जागी. जुनी चांगली ज्वारी, मिलो नव्हे, ती तिनं कुठून आणली होती कुणास ठाऊक. रोज आबा पाळीला आणि मी शाळेत गेले की ती दगड बरणीतून काढत होती, तेलशेंदूर लावून पुजत होती, आणि मी यायच्या आत राखेनं घासून, धुऊन परत बरणीत ठेवत होती. घासून सगळा शेंदूर निघत नव्हता आणि तेल तर मुळीच नाही. मी दप्तर फेकलं. "तूच मारलीस व्हय," मी म्हणाले. "रडत हुते तवा बघत बसलीस. तुला ठावं हुतं."

आईनं पदर ओढून दगड झाकला. "वरडू नगंस," ती म्हणाली, "शेजारी ऐकतील. मरीआई हाय ही आपली. म्या माझ्या हातानं डोहात टाकली हुती. आता आपूनहून घरी आली, तुझ्या पोत्यात बसून. तिला बिगरशेंदराची ठिवू?" मी म्हणाले, "माझी बारा झिंगी मेली." तेव्हा ती माझ्याकडं बघून जे बोलली ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण तिचा तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. "झिंगी मेली म्हनून आंगणात बसून रडलीस. माझं प्वार मेलं तवा तुझ्या बानं मला रडू बी दिलं न्हाई. रडून काय हुतंय, वंदना म्हन, म्हनलं. कुणाफुडं रडायचं हुतं म्या? जिच्याफुडं रडावं ती डोहात."

मग तिनं आवाज उतरवला आणि माझी समजूत घालू लागली. तिचं म्हणणं सरळ होतं, आज मला त्यात काहीसुद्धा चुकीचं दिसत नाही. दुसरा दगड घाल, चार चांगले आहेतच, झिंगी जगतील. हा मला दे, मी माळ्यावर सरपणामागं ठेवते, तुला पुन्हा दिसणार नाही. "फकस्त आबास्नी सांगू नगंस. येसू, एवढं ऐक." तिनं माझी हनुवटी धरली, तिच्या शेंदराच्या बोटांचे डाग माझ्या तोंडाला लागले. मी तिचा हात झटकला. मला तेव्हा बारा मेलेली झिंगी दिसत होती, जोडलेले हात दिसत होते, आणि पाठ म्हणणारी वैजयंती. मला नुकसान भरून नको होतं. मला कुणालातरी शिक्षा झालेली हवी होती, आणि जी मला शिक्षा करता येण्यासारखी होती ती समोर बसली होती.

साडेतीनचा भोंगा झाला. आबा दारात चपला काढत असतानाच मी सगळं सांगून टाकलं.

ते चिडतील असं मला वाटलं होतं. ते चिडले नाहीत. त्यांनी हातपाय धुतले, कोनाड्यातली बाटली खाली काढली आणि दगड मागितला. आईनं तो दिला नाही, जमिनीवर ठेवला आणि बाजूला सरकली. आबांनी शेंदरावर थेंब सोडला, मग आणखी दोन. शेंदूर काळपट तपकिरी झाला आणि नाकात घुसणारा एक उग्र वास सुटला. आबांनी मान वर केली. "ह्यो वास वळखतो मी," ते म्हणाले, "माझ्या खात्यात रोज छातीत घेतो. विष हाय हे. बघ. तपासलं की कळतं." शेंदरात शिसं असतं आणि ॲसिडबरोबर त्यातून विषारी वायू निघतो, हे पुस्तकातून मला पुढं कॉलेजात गेल्यावर कळलं. म्हणजे आबांचं खरं होतं, अक्षर न् अक्षर. जो माणूस बरोबर असतो त्याच्याइतकं कठोर दुसरं कुणी होऊ शकत नाही, आणि त्या दिवशी आम्ही दोघं बरोबर होतो. त्यांनी पुडी गटारात ओतली. आईला एवढंच म्हणाले, "उद्या रविवार हाय."

रविवारी सकाळी आम्ही तिघं सांगलीला कृष्णेवर गेलो. आईनं दगड पदरात घेतला होता, मूल घ्यावं तसा, आणि सबंध वाटेत तिनं तो एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतला नाही. घाटावर धुणी चालली होती, धोपटण्यांचे आवाज पुलापर्यंत घुमत होते. पाणी दुष्काळामुळं खाली गेलं होतं, पण मधोमध खोल होतं. आबा म्हणाले, "टाक." आई म्हणाली, "पयल्यांदा तुमी सांगितलंसा म्हनून टाकली. आता न्हाई टाकायची मी. जिनं आणली तिलाच टाकू द्या." आबांनी माझ्याकडं बघितलं. मी पुढं झाले आणि तिच्या पदरातून दगड उचलला. तो उबदार झाला होता. मी दोन्ही हातांनी तो जेवढा लांब फेकता येईल तेवढा फेकला, पाणी उडून एका धुणाऱ्या बाईच्या अंगावर गेलं आणि तिनं माझी आयमाय काढली. मागं वळून बघितलं तर आईनं हात जोडले होते. सोळा वर्षांत तिनं आबांच्या समोर हात जोडले नव्हते. आबा दुसरीकडं बघत उभे होते.

तिसऱ्या वेळची झिंगी जगली. आठ दिवस झाले, दहा झाले, एकानं कातसुद्धा टाकली. बरणी पोटाशी धरून मी शाळेत नेली तेव्हा सरांनी शब्द पाळला. आवडलं नाही त्यांना, पण पाळला. "आधीची कशानं मेली?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, पाण्यात तेल पडलं होतं. वैजयंतीनं पाठ केलेला कागद माझ्या बाकावर आणून ठेवला आणि तोंड फिरवून गेली. मी तो वाचला नाही, माझं मला सगळं येत होतं.

प्रदर्शनाच्या दिवशी मी निळी फीत लावून टाकीपुढं उभी राहिले. पाहुणे आले, मास्तर आले, दुसऱ्या शाळांच्या रांगा आल्या. मी प्रत्येकाला येरळेचा काळा दगड आणि चुनखडीचा दगड शेजारीशेजारी ठेवून दाखवत होते, काचेच्या कांडीनं थेंब सोडत होते, आणि फेस आला की लहान मुलं ओरडत होती. "बाहेरून आणलेला कुठलाही दगड तपासल्याशिवाय आत घ्यायचा नाही," हे वाक्य मी त्या दिवशी शंभरदा म्हटलं असेल. नाडगीर सर शेजारी उभे राहून मान हलवत होते. आयुष्यात त्या दिवसाइतकी खूश मी क्वचितच झाले असेन, ते मी नाकारणार नाही.

दुपारी आबा आले, इस्त्रीचे कपडे घालून, आणि त्यांच्यामागं आई. ती शाळेत पहिल्यांदाच येत होती. आबांनी सगळं ऐकून घेतलं, सरांना नमस्कार केला, आणि पुढच्या टेबलाकडं गेले. आई टाकीपाशी थांबली. काचेला नाक लागेल इतकी वाकून तिनं एकेक दगड बघितला. एक झिंगं दगडाच्या सांदीतून मिशा काढून बसलं होतं, त्याच्याकडंही तिनं बघितलं. मग माझ्याकडं न बघता, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिनं विचारलं, "समदी तपासलीस न्हवं? ह्यात कुठला देव न्हाई न्हवं?"

मी म्हणाले, "न्हाई."

"मग जगतील," आई म्हणाली, आणि सरळ दाराकडं चालू लागली.

सरांना तिची बोली पटकन कळली नसावी. त्यांनी चष्मा सारखा करत विचारलं, "काय म्हणाल्या तुझ्या आई?" आजूबाजूला आठदहा जण उभे होते. वैजयंती होती. मी घसा साफ केला आणि माझ्या शाळेतल्या शुद्ध आवाजात म्हणाले, "काही नाही सर. दगड छान आहेत म्हणाली." आई तेव्हा दारातच होती, तिला ऐकू गेलं. ती क्षणभर थांबली, पदर सारखा केला आणि उन्हात बाहेर गेली.

झिंगी वर्षभर जगली. आईनं त्या दिवसापासून मला येसू म्हणणं सोडलं. पुढं एकतीस वर्षं, शेवटच्या दुखण्यातसुद्धा, पाणी मागताना ती मला आबांनी ठेवलेल्या नावानंच हाक मारायची.